भिंतींचा पंचनामा झाला, मनाचा कोण करणार?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद अंगावर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार जीव गेले. पंचनामे झाले, ५२ गावे नव्या जागी वसली. पण जे वाचले, त्यांच्या मनाची पडझड ना सातबाऱ्यावर निघते, ना पंचनाम्यात.

शेतकरी बंधूंनो, अशी माणसे तुमच्याही गावात असतील. कुणी पूर पाहिला, कुणाच्या शेजारी वीज पडली, कुणाच्या डोळ्यांदेखत घरचा माणूस गेला. महिना उलटला तरी तोच प्रसंग डोळ्यांपुढे येतो. झोपेतून दचकून उठतात. ट्रकने पत्रा थरथरला की बाहेर धावतात. त्या वाटेला फिरकत नाहीत. पोराबाळांवर उगाच खेकसतात. पेरणीची वेळ निघून जाते, देणे वाढते. आणि आपण म्हणतो, ‘बाधा झाली’, नाहीतर ‘आळशी झालाय!’

डॉक्टर याला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी म्हणतात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहिल्यावर १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी हे नाव आपल्या यादीत घेतले. संकटात छाती धडधडते, कान टवकारतात, ते जीव वाचवण्यासाठीच. संकट सरले की हे शांत व्हायला पाहिजे. इथे ते होत नाही. चोर पळून गेला तरी राखणीचे कुत्रे रात्रभर भुंकत राहावे, तशातली गत.

सगळ्यांनाच हा आजार होतो असे नाही. पहिले काही दिवस झोप उडणे, रडू येणे साहजिकच आहे. बहुतेक जण घरच्यांच्या आधाराने सावरतात. महिन्यानंतरही काम अडत असेल, तर मात्र जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ठराविक पद्धतीच्या समुपदेशनाने आणि गरज पडल्यास गोळ्यांनी चांगला उतार पडतो. दारू किंवा मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या हा इलाज नव्हे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत फोनसेवा आहे, मराठीतूनही बोलता येते.

आता सरपंच, भाऊसाहेब, पोलीस पाटील आणि आशाताईंना एक विनंती. तुमच्यामागे कामे ढीगभर आहेत, ठाऊक आहे. तरी पंचनाम्याला गेल्यावर ‘झोप लागते का?’ एवढे विचारा. झालेला प्रसंग खोदून-खोदून वदवून घेऊ नका. बोलला तर ऐकून घ्या. महिन्याने पुन्हा एकदा त्या घरी जा. नुकसानीची यादी ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा अशा घरांकडे कोण जाऊन आले, हेही विचारले गेले पाहिजे.