सातशे कॅरेटची गाडी

२००३ साली हीरो होंडाची करिझ्मा बाजारात आली, तेव्हा मी सातवीत होतो. नारायणगावच्या एसटी स्टँडबाहेर कुणीतरी पिवळीधमक करिझ्मा लावली होती. आम्ही चार पोरं घरी जायची एसटी सोडून तिच्याभोवती उभे. २२३ सीसी! जाहिरातीत हृतिक रोशन! आणि आमच्या घरी अण्णांची बजाज एम-८०. तिला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, आणि चढ आला की मागे बसलेल्यानं उतरून चालायचं, हा नियम. त्यात ते वर्ष दुष्काळाचं. त्यामुळे 'मोठा झालो की हीच घेणार' हे मी फक्त आईला सांगितलं.

मोठा व्हायला जरा वेळ लागला. दरम्यान हीरो आणि होंडाचा काडीमोड झाला, करिझ्मा बंद पडली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये हीरोनं तेच नाव एका नव्या गाडीला दिलं. करिझ्मा एक्सएमआर. २१० सीसी, लिक्विड कूल्ड, साडेपंचवीस पीएस, सहा गिअर. कागदावर जुनीपेक्षा १३ सीसी कमी, पण ताकद कितीतरी जास्त. मी ती अखेर परवा घेतली. ईएमआयवर, अर्थात. ऑन-रोड दोन लाख दहा हजार. अण्णांना फोनवर सांगितले सव्वा लाख. आता असं बघू नका. घरी खरी किंमत सांगणारा माणूस अजून मला भेटायचाय. आपण तर बुटांचीही सांगत नाही!

तर डिसेंबरातला शनिवार, गाडीचं वय चार दिवस, आणि पहिली लांबची राइड थेट घरी. पुणे ते नारायणगाव सरळ गेलं तर ७५ किलोमीटर. पण सरळ जायला स्पोर्ट टूरर कशाला हवी? मंचरहून घोडेगाव, डिंभे, परत घोडेगावहून जुन्नर आणि मग घर, असा वळसा ठरवला.

पहिली परीक्षा चाकणला. पुणे-नाशिक हायवेचा नंबर ५०चा ६० झाला, पण चाकणचा चौक आहे तसाच. कंटेनर, कंपन्यांच्या बस, टमटम, आणि मधे मी, हेल्मेटच्या आत घामाघूम. फेअरिंगवाली गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा नडग्यांवर येते. थंडीत बरी वाटते. मे महिन्याचं मे महिन्यात बघू. क्लच मात्र एकदम हलका. पाऊण तास पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करूनही डावा पंजा शाबूत होता. मनगटांबद्दल तसं म्हणता येत नाही. बसायची पोझिशन थोडी पुढे झुकलेली, शरीराचा भार हातांवर. ऑफिसच्या खुर्चीत दहा तास पोक काढून बसणाऱ्याला पाठीला कणा असतो हे राजगुरूनगरपर्यंत नीट कळतं.

खेडचा जुना घाट मी मुद्दाम घेतला. इथे गाडी पहिल्यांदा बोलली. शोरूमवाल्यानं बजावलं होतं, 'सर, पहिले हजार किलोमीटर पिळायची नाही.' म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच करायचं नाही! पण न पिळताही तिसऱ्या गिअरवर ती चढ आरामात ओढत होती. वळणावर नजर जिथे जाईल तिथे गाडी जात होती. १६३ किलोंची गाडी चालताना एवढी हलकी वाटेल असं वाटलं नव्हतं. घाट संपला तेव्हा मी हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो. कुणी बघितलं नाही, बरं झालं.

मंचरला जेवून डावीकडे घोडेगावकडे वळलो आणि माझं सगळं गणित बदललं. कारखाने चालू होते. भीमाशंकर कारखान्याचा ऊस, विघ्नहरचा ऊस, आणि तो वाहणारे ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर दोन-दोन फूट लोंबणारा ऊस, मागे दिव्याच्या जागी फार तर एखादं लाल फडकं. ट्रॅक्टरवर 'गाडीवाला आया घर से कचरा निकाल'च्या आवाजात चालू असलेलं गाणं. तुमची गाडी साडेपंचवीस पीएसची असो नाहीतर दोनशेची, ओव्हरटेक ट्रॅक्टरवाल्यानं हात दाखवल्यावरच करायचा. शिवाय गावागणिक गतिरोधक, काहींना पांढरे पट्टे नाहीत. इथे मला एबीएसची खरी किंमत कळली. उसाच्या चिपाडांवर पुढचं चाक सरकतंय असं वाटलं, लिव्हर बोटाखाली थरथरला आणि गाडी सरळ उभी राहिली. समोर एक शेळी. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आकडे वगैरे ठीक आहेत, पण मला विचाराल तर गाडी त्या शेळीपाशी वसूल झाली.

डिंभ्याला पोहोचलो तेव्हा तीन वाजले होते. ज्या आंबेगावच्या नावानं तालुका ओळखला जातो, ते गाव या धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. हे शाळेत पाठ केलं होतं, पण इंजिन बंद करून त्या पाण्याकडे बघत बसलो तेव्हा जरा वेगळं वाटलं. आमच्याकडे जे हिरवं दिसतं ते या पाण्यावर. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि हे डिंभे. पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला.

तेवढ्यात आईचा फोन. 'कुठवर आलास? अंधार पडायच्या आत ये. परवा ओढ्याला वाघ दिसलाय.' आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. रात्री दुचाकीवर झेप घेतल्याच्या बातम्या जुन्नर-आंबेगावला नव्या नाहीत. पुण्यात बसून हे सगळं गमतीचं वाटतं. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस आणि मधे एकटी मोटारसायकल, तेव्हा वाटत नाही. जुन्नरला शिवनेरीमागे सूर्य कलला होता, मी एरवी थांबून फोटो काढला असता. थांबलो नाही. एलईडी हेडलाइट चांगला लांबवर पडतो, हे मी अगदी मनापासून तपासलं.

घरी पोहोचलो तर अंगणात शेजारचा पिंट्या हजर. अण्णा ओट्यावर. पिंट्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मोबाइल काढला.

'एक्सएमआर! काका, ही ऑन-रोड दोन लाख दहाला बसती!'

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचा हिशेब टोमॅटोत चालतो. नारायणगावच्या मार्केटला वीस किलोचं कॅरेट. जुलै २०२३ मध्ये त्याच कॅरेटनं जुन्नर तालुक्यात काही जणांना कोट्यधीश केलं, आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये भाव इतका पडला की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला होता. आमचा माल २०२३च्या जुलैत निघाला नव्हता. २०२१ला निघाला होता.

'तीनशेचा भाव धरला,' अण्णा शेवटी म्हणाले, 'तर सातशे कॅरेट.'

आणि जेवायला आत गेले. मी पिठलं-भाकरी खाल्ली, पण घास उतरत नव्हता. दोन लाख दहा हजार म्हटलं की मला पगार दिसतो. सातशे कॅरेट म्हटलं की मला उन्हात वाकलेली आई दिसते. खोटं बोललो त्याबद्दल ते काहीच म्हणाले नाहीत, हे जास्त लागलं.

सकाळी साडेसहाला बाहेर आलो तर अण्णा उपरण्यानं टाकीवरचं दव पुसत होते.

'वरच्या वावरात मोटार चालू करायचीय. चल.'

मागची सीट उंच आणि लहान. ते माझ्या खांद्याला धरून कसेबसे चढले. दगडगोट्यांच्या वाटेनं पहिल्या गिअरवर निघालो. ओढा ओलांडला, आणि चढ सुरू झाला तशी खांद्यावरची पकड सैल झाली. आरशात बघितलं तर त्यांनी सवयीनं एक पाय खाली सोडला होता.

'अण्णा, बसा. ही चढते.'

ते बसले. वर पोहोचेपर्यंत गप्प होते. मोटार चालू करून आले, गाडीच्या शेपटाकडे बराच वेळ बघत राहिले.

'हिला मागं कॅरिअर बसतं का रे?'