नवजात अर्भकांचा उन्हाळी ज्वर

उन्हाळा लागतांच आमच्या छत्रपति संभाजीनगरांतील व्यापारी मंडळी पेठापेठांतून पाणपोया घालतात, हें त्यांस भूषणावह आहे. परंतु त्याच पेठेंत एखाद्या माडीवर, पत्र्याच्या छपराखालीं, दारें-खिडक्या लावलेल्या खोलींत दोन-तीन दिवसांचें अर्भक टोपडें, अंगडें व दोन दुपटीं अशा बंदोबस्तांत तहानेनें तापत पडलेलें असतें, याची दाद कोणास असते ? मूल तापलें कीं वडीलधारीं माणसें दृष्ट काढतात, नाहीं तर वारा लागला म्हणून तिसरें दुपटें चढवितात !

डॉक्टर ज्यास निर्जलीकरणाचा ज्वर म्हणतात, तो बहुधा दुसऱ्या ते पांचव्या दिवसाच्या सुमारास येतो. त्या वेळीं आईस दूध पुरतें उतरलेलें नसतें व बाहेर पारा चाळिसावर गेलेला असतो. मुलाचे ओठ सुकतात, लघवी कमी होते, वजन घटतें. थंड जागीं नेऊन, जादा कपडे काढून, वारंवार अंगावर पाजलें म्हणजे हा ताप पुष्कळदां कांहीं तासांत उतरतो. पण जंतुदोषाचा प्राणघातक तापही बाहेरून असाच दिसतो. दोहोंतील निवाडा आजीबाईनें करूं नये. संपादकानें तर नाहींच नाहीं. काखेंत ताप 99.5 अंश फॅरनहाइट वा अधिक भरला, तर पाजीत पाजीत तत्काळ घाटीचें किंवा जवळचें रुग्णालय गांठावें.

आमचा खरा वाद रूढीशीं आहे. पहिला चीक पिळून टाकावयाचा, मुलास मध व साखरपाणी चाटवावयाचें, आणि बाळंतिणीस पाणी मोजून द्यावयाचें, हा कोठला न्याय ? जन्मल्यापासून तासाच्या आंत चीक पाजावा. आईनें तहानेपुरतें पाणी मोकळेपणीं प्यावें. आईच्या दुधांत शेंकडा 87 भाग पाणीच असतें. म्हणून सहा महिने, भर उन्हाळ्यांतही, मुलास वरचें पाणी लागत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तथापि सारा दोष घरांवर लोटणें अन्यायाचें होईल. अहमदाबादेस 2010 च्या उष्ण लाटेंत पालिकेच्या एका रुग्णालयांत उष्म्यानें आजारी पडलेलीं नवजात मुलें वाढलीं. बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तो खालीं आणल्यावर असे आजार कमी झाले. औषध नव्हे, केवळ जिना उतरणें ! आमच्या शहरांतील किती प्रसूतिगृहांचे कक्ष तापल्या गच्चीखालीं आहेत, याची मोजदाद पालिकेनें उन्हाळ्यापूर्वीं करून ती प्रसिद्ध करावी. आणि पाणपोया घालणाऱ्या मंडळींनीं आपापल्या पेठेंतील बाळंतिणींच्या पत्र्यांस पांढरा चुना देण्याचा खर्च उचलावा. तो एका पाणपोईहून फारसा अधिक येणार नाहीं.