मृगाच्या आधी नाल्याकडे या

अभनपुरातल्या मराठी काका-काकूंनो, आम्ही कॉलेजातली पोरं तुमच्याकडे एक काम घेऊन आलो आहोत. शार्क वाचवायचं. हसू नका! समुद्र इथून किती लांब आहे, ते आम्हालाही ठाऊक आहे.

पण आपल्या एका अंगाला खारून, दुसऱ्या अंगाला राजिमची महानदी. खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला. नाल्यात पडलेली गुटख्याची पुडी इकडून जावो की तिकडून, वाट एकच, समुद्राची. मध्ये हिराकूडचं धरण आहे, काही तिथे अडकत असेल. पुरात दारं उघडली की मग कोण अडवणार? महानदीचीच एक शाखा देवी नदी. तिच्या मुखाशी ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तरंगणारी पिशवी त्यांना जेलिफिश वाटते आणि ती गिळतात. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, गळ्यात खोक्याची प्लास्टिकची पट्टी अडकली, तर मासा वाढत जातो, पट्टी वाढत नाही.

म्हणून आजच घरातल्या पिशव्या वेगळ्या काढा. दुकानात कापडी पिशवी न्या. दूधवाल्याची रिकामी पिशवी गटारात जाऊ देऊ नका. पाऊस वाट बघणार नाही.

सवयी बदलतात. गुजरातच्या किनाऱ्यावर एके काळी व्हेल शार्कला तेलासाठी, मांसासाठी मारत. 2001 मध्ये कायद्याने बंदी आली. पण मनं वळली ती 2004 नंतर, जेव्हा रामकथाकार मोरारी बापूंनी सांगितलं, ही तर माहेरी बाळंतपणाला आलेली लेक. लोक तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, म्हणू लागले. मारणारेच हात जाळी कापून तिला सोडू लागले. जाळं म्हणजे कोळ्याच्या घरची भाकरी, हे विसरू नका. आपल्या महाराष्ट्रातही 2018 पासून असं जाळं कापणाऱ्याला सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं.

आपल्याला तर काहीच कापायचं नाही. सुट्टीत मालवणला गेलात की मोरीचं, म्हणजे मुशीचंच, मटण खाता. खुशाल खा, त्यावर तिथली घरं चालतात. पण बाजारात वीतभर मुशी दिसली तर ‘नको’ म्हणा. पापलेट लाखांनी अंडी घालतो. मुशीला पिल्लं होतात मोजकी, आणि मोठ्या शार्कना वयात यायलाच कैक वर्षं लागतात. पिल्लंच संपली तर उद्या त्या कोळ्याच्या पोरानं जाळं टाकायचं कशासाठी?

आजी-आजोबा, तुम्ही नातवंडांना माहेरवाशिणीच्या गोष्टी सांगता. व्हालीचीही सांगा. पोरांनो, तिचं पथनाट्य बसवा. माघात राजिमच्या जत्रेत करू.

पण ते पुढचं. मृग तोंडावर आहे. पहिल्या जोराच्या सरीला नाला सगळं घेऊन जाईल. या रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, आपापल्या मोहल्ल्यातल्या नाल्यापाशी या. पोती आम्ही आणतो. हातमोजे तेवढे तुमचे.