दुसरा डोळा

अपघातानें एक डोळा गेला म्हणजे आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकूं येतें: "देवाची कृपा, दुसरा शाबूत आहे!" हें समाधान बहुधा खरें ठरतें. परंतु क्वचित् तें खरें ठरत नाहीं, आणि त्या क्वचित् प्रसंगीं घरच्यांच्या अज्ञानानें जें नुकसान होतें तें भरून येत नाहीं. म्हणून ह्या दुसऱ्या डोळ्याविषयीं चार शब्द.

पॅरिसच्या पूर्वेस कूव्रे नांवाचें गांव आहे. तेथें १८०९ सालीं घोड्यांचा साज करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं लुई ब्रेल जन्मला. तीन वर्षांचा असतां बापाच्या कारखान्यांत खेळतांना चामडें टोंचावयाचें हत्यार त्याच्या एका डोळ्यांत घुसलें. तो डोळा गेलाच. पण ज्यास कांहींहि लागलें नव्हतें तो दुसराहि हळूहळू विझत गेला, व पांचव्या वर्षापर्यंत पोर पूर्ण अंध झालें. ह्याच मुलानें पुढें १८२४ च्या सुमारास सहा टिंबांची लिपि सिद्ध केली. त्या लिपीचें कौतुक सर्वांस ठाऊक आहे. दुसरा डोळा कां गेला, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं.

वैद्यकाचा आजचा तर्क असा कीं, त्यास सिंपथेटिक ऑप्थॅल्मिया झाला असावा. एकाच्या दुःखानें दुसऱ्यानें दुःखी व्हावें, असा ह्या नांवाचा भाव. नांव ठेवणाऱ्याचें मन कवीचें असावें. रोग मात्र मुळींच कवीचा नाहीं. डोळ्याच्या आंत रेटिना, आणि तिच्यामागें रक्तवाहिन्यांनीं भरलेला कोरॉइड नांवाचा पडदा असतो. ह्या पडद्यांतील कांहीं द्रव्यें माजघरांतील माणसांप्रमाणें सदा आंतच राहिलेलीं. शरीराचे रक्षण करणाऱ्या रक्तांतील पेशींनीं तीं कधीं पाहिलेलींच नसतात. डोळा फुटला कीं तीं बाहेर येतात. द्वाररक्षक त्यांस चोर समजतात, आणि मग तसलींच माणसें शोधीत निरपराध अशा दुसऱ्या घरांतहि शिरतात. तेथें कोरॉइडला सूज येते, आणि वेळीं उपचार न झाल्यास दृष्टि जाते.

भयभीत होण्याचें कारण नाहीं. डोळा भेदून जाणाऱ्या शंभर जखमांत एकींतहि हा विकार होत नाहीं. पण होतो तेव्हां बहुतेकांस तीन महिन्यांच्या आंत होतो, बाकीच्यांपैकीं पुष्कळांस वर्षाच्या आंत. आणि थोड्यांस कित्येक वर्षांनीं, जखमेची आठवणहि बुजल्यावर. अमेरिकन विनोदी लेखक जेम्स थर्बर ह्याच्या डाव्या डोळ्यास १९०१ सालीं भावाशीं विल्यम टेलचा खेळ खेळतांना बाण लागला. त्याचा उजवा डोळा पुढें खालावत गेला व १९४० नंतर तो जवळजवळ आंधळाच झाला. त्याच्याहि बाबतींत ह्याच रोगाचें नांव घेतलें जातें.

आपल्या घरीं विल्यम टेल नाहीं, पण हिराच्या काडीचा बाण आहे, विटी आहे, दिवाळीचा फटाका आहे. आम्हीं शाळेंत चाळीस वर्षें काढलीं; कंपासपेटींतील कर्कटकाइतकी धास्ती आम्हांस दुसऱ्या कशाचीहि वाटली नाहीं. असें कांहीं लागलें तर मध, तूप, दूध डोळ्यांत घालूं नये, डोळा चोळूं नये, दाबूं नये. वाटीसारखें कांहीं वरून अलगद धरावें आणि त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे न्यावें. उद्यांवर टाकूं नये.

ह्याहून अवघड गोष्ट निराळीच आहे. मुलीच्या डोळ्यास लहानपणीं लागलेलें लग्न ठरवितांना लपवावयाचें, ही रीत आमच्या सुशिक्षित घरांतूनहि गेलेली नाहीं. पुढें सासरीं दुसऱ्या डोळ्यास अंधुक दिसूं लागलें कीं ती बापडी काय करणार? मागलें सांगितलें तर माहेरचें पितळ उघडें पडतें. म्हणून ती गप्प राहते. तांदुळांतील खडा दिसला नाहीं तर निष्काळजीपणाचा बोल ऐकते, आणि डॉक्टरपुढें नेली तरी जुन्या जखमेची गोष्ट ओठांबाहेर पडत नाहीं. डॉक्टरास तीच गोष्ट आधीं हवी असते. अशी लपवाछपवी करणारांस आम्ही मायाळू म्हणूं शकत नाहीं.

पूर्वीं इजा झालेल्या माणसास जवळचें अक्षर पुसट दिसूं लागलें, उजेड सोसेना, डोळ्यापुढें ठिपके तरंगूं लागले किंवा चांगला डोळा किंचित् लाल होऊन दुखूं लागला, तर चाळिशी आली म्हणून स्वस्थ बसूं नये. १९५० च्या सुमारास स्टेरॉइड औषधें येण्यापूर्वीं ह्या रोगांत दृष्टि वांचणें दुर्मिळ होतें. आज वेळेवर आलेल्या पुष्कळांची कामापुरती नजर टिकते. औषध मात्र महिनोन् महिने, कधीं वर्षानुवर्षें घ्यावें लागतें व तें आपल्या मनानें बंद करावयाचें नसतें.

जखमी डोळा काढून टाकावा काय, हा प्रश्न घरोघर रडवितो. निकामी झालेला डोळा इजेपासून दोन आठवड्यांत काढला तर हा विकार टळतो, असा जुना दंडक होता. हल्लीं जखम शिवून डोळा राखण्याकडे कल अधिक असतो. आणि विकार एकदां सुरू झाल्यावर तर घाई मुळींच करीत नाहींत. कारण कधीं कधीं शेवटीं जास्त दिसतें तें त्या जखमी डोळ्यानेंच.