मागे कोण बसणार?

मोटारसायकल निवडताना घरात जेवढी चर्चा होते, तेवढी हल्ली लग्न ठरवतानाही होत नसावी. किती सीसी, किती अश्वशक्ती, शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत जाते, सारे मुलांना तोंडपाठ. मागे कोण बसणार, हा प्रश्न मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर असताना माझ्यासमोर डीलरचे कोटेशन घेऊन मुलगा बसायचा, शेजारी जामीनदार म्हणून काका किंवा मेहुणा. जिला पुढची दहा वर्षे त्या गाडीवर मागे बसायचे, ती बहुधा बाहेरच्या बाकावर असे.

कायद्याला मात्र तिची आठवण आहे. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123वा नियम सांगतो, की मागच्या माणसाला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकलेले हवे. हेच आपले साडीगार्ड. गाडी दारात आली, की पहिल्याच रविवारी ते पान्याने सोडवून माळ्यावर टाकतात. गाडीची ‘लाइन’ बिघडते म्हणे!

लांबच्या प्रवासाची गाडी घ्यावी की शर्यतीच्या वळणाची, या वादासाठी दोन उदाहरणे घेऊ. रॉयल एनफील्डची 2020 साली आलेली मिटिऑर 350 आणि केटीएमची 2014 साली आलेली आरसी 390. ही दुसरी आपल्या चाकणच्या बजाज कारखान्यात घडलेली. मिटिऑरची ताकद वीस अश्वशक्ती, आरसीची 43. पोरांच्या दृष्टीने सामना इथेच संपतो. पण आरसीची ती ताकद हाती लागते इंजिन मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास फेरे घेऊ लागल्यावर. मिटिऑरचा सगळा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, चार हजार फेऱ्यांनाच मिळतो. वाईहून पसरणीचा घाट चढताना, मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा असताना, उपयोगी पडतो तो हा जोर. दर वळणाला गिअरशी झटापट करावी लागत नाही.

बसण्याचेही तसेच. आरसीचे हँडल खाली, पाय मागे, अंगाचे ओझे मनगटांवर. त्या पहिल्या आरसीची मागची सीट तर अशी बनवली होती, की ती सीट आहे हेच लक्षात येऊ नये. शेपटीचा पत्राच वाटावा. मिटिऑरच्या वरच्या आवृत्तीत मागच्या माणसाला पाठ टेकण्याची सोय होती. अर्थात तिथेही सगळे लोणी नाही. पाय पुढे पसरून बसले, की खड्ड्याचा दणका थेट माकडहाडात जातो. पन्नाशीनंतर तो चांगलाच कळतो.

शर्यतीच्या गाडीला मी नावे ठेवत नाही. ती हलकी असते, वळणाला चिकटून जाते. तिची खरी जागा कोईमतूरच्या कारी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. तिथे वळणापलीकडे म्हैस उभी नसते. ‘तारुण्य एकदाच येते’ असे मुले ऐकवतात. खरे आहे, पण हप्ते साठ येतात. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे दगावली. त्यांतली 74,897 दुचाकीवर होती. त्यात वेगाचा वाटा किती, हे या आकड्यांवरून ठरत नाही. दुचाकीवरचा माणूस चारही बाजूंनी उघडा असतो, एवढे मात्र कळते. घरात एकच गाडी येणार असेल, तर माझे मत लांब पल्ल्याच्या गाडीला. एकटा जीव असेल, दुसरे वाहन असेल, तर खुशाल दुसरी घ्यावी आणि आधी ट्रॅकवर शिकून यावे.

आता बाहेरच्या बाकावरची ती स्वतःच हँडल धरू लागली आहे. मग हिशेब पुन्हा मांडावा लागतो. मिटिऑरची सीट जमिनीपासून 765 मिलिमीटरवर, म्हणजे पाच फुटांच्या आतबाहेरच्या बाईचेही पाय टेकतील अशी. पण वजन 191 किलो! शोरूममध्ये दोघांनी आळीपाळीने पुढे-मागे बसावे, आणि सोसायटीच्या पार्किंगमधून दोन स्कूटरच्या फटीतून ही गाडी रोज मागे ओढून काढायची आहे हे ध्यानात ठेवून ती तिथेच एकदा ढकलून पाहावी.