दोन्ही घरचा पाहुणा

मोठ्या सल्लागार संस्थांची परिचयपत्रके ज्यांनी चाळली असतील त्यांना एक गोष्ट खचितच जाणवली असेल. बँका, औषधांचे कारखाने, खाणी, रेल्वे, इस्पितळे, विद्यापीठे, सरकारी खाती अशी यजमानांची लांबलचक मालिका तेथे अभिमानाने मांडलेली असते; नावे मात्र बहुधा नसतात. धंदे सांगावयाचे आणि धंदेवाले गुप्त ठेवावयाचे, अशी ही रीत आहे. जितकी क्षेत्रे अधिक तितका अनुभव दांडगा, हा त्यामागील दावा. तो सर्वस्वी पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. कारखान्यात माल का तुंबतो याचा ज्याने छडा लावला, त्याला इस्पितळातील रांग का हटत नाही हेही लवकर उमगते. शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकविणाऱ्या जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ साली आपली संस्था काढली, आणि आज जगातील अशा संस्थांत तिचे नाव अग्रभागी घेतले जाते. एवढा पसारा केवळ वाक्चातुर्यावर उभा राहत नाही.

परंतु याच संस्थेच्या अलीकडील इतिहासातील एक प्रकरण प्रत्येक सुशिक्षित नागरिकाने लक्षपूर्वक पाहावे असे आहे. अमेरिकेत ऑक्सिकाँटिन नावाचे अफूच्या वर्गातील वेदनाशामक औषध पर्ड्यू फार्मा ही कंपनी विकत असे. त्याचा खप कसा वाढवावा, अधिकाधिक औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे विक्रेत्यांनी कसे लक्ष पुरवावे, याचा सल्ला मॅकिन्झीने दिला होता. या वर्गातील द्रव्यांच्या अतिसेवनाने त्या देशात १९९९ ते २०२१ या काळात सहा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अर्थात त्यांत बेकायदा द्रव्यांचे बळीही आहेत आणि सारे पाप एका कंपनीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २०२१ च्या फेब्रुवारीत मॅकिन्झीने दोष मान्य न करता ४७ राज्यांशी व अन्य प्रदेशांशी ५७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. २०२४ च्या डिसेंबरात केंद्रीय न्यायखात्याशी आणखी ६५ कोटी डॉलरची केली.

हा झाला एका यजमानाचा वृत्तांत. दुसरा यजमान होता खुद्द अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन, म्हणजे अशा औषधांना परवानगी देणारे व त्यांच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणारे सरकारी खाते! प्रतिनिधिगृहाच्या देखरेख समितीने एप्रिल २०२२ मध्ये या प्रकरणाचा अहवाल मांडला. मॅकिन्झीच्या किमान २२ सल्लागारांनी हे प्रशासन आणि अफूवर्गीय औषधांचे उत्पादक या दोहोंचीही कामे केली होती, काहींनी तर एकाच काळात, असे त्यात नमूद आहे. अशा संस्था नेहमी सांगतात, की आमच्या निरनिराळ्या चमूंमध्ये भक्कम भिंती असतात, इकडचे तिकडे कळत नाही. चमूंमध्ये भिंत असेलही; पण एकाच मनुष्याच्या डोक्यात ती कोठे बांधावयाची? दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो, अशी आपल्याकडील म्हण आहे. हा पाहुणा दोन्हीकडे यथेच्छ जेवला, आणि यजमानांपैकी निदान एकाला, म्हणजे सरकारला, तो दुसऱ्या पंक्तीला बसतो याची वार्ता २०२१ साली वृत्तपत्रांतून समजली.

वकिलाने वादीला सल्ला देऊन त्याच दाव्यात प्रतिवादीचे वकीलपत्र घेतले तर बार कौन्सिल त्याला जाब विचारते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने त्याच विषयाची खासगी शिकवणी चालविली तर पालक रस्त्यावर येतील. हिशेबतपासनिसांच्या बाबतीत हा विवेक जगाला फार उशिरा सुचला. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पामुळे महाराष्ट्राला चांगलाच परिचित झालेला, किंबहुना महाग पडलेला, एन्रॉन हा उद्योग २००१ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेला. त्याचे हिशेब तपासणाऱ्या अँडरसन या संस्थेने २००० साली तपासणीचे सुमारे २.५ कोटी डॉलर घेतले होते, आणि सल्ला व इतर कामांचे २.७ कोटी! ज्याच्या वह्या तपासावयाच्या त्याच्याकडूनच सल्ल्याची दक्षिणा अधिक. त्यानंतर २००२ साली अमेरिकेने कायदा केला. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १४४ व्या कलमाने हिशेबतपासनिसाला त्याच कंपनीस व्यवस्थापनविषयक सेवा देण्यास मनाई केली.

ही बंधने हिशेबतपासनिसावर आहेत. निव्वळ सल्ला विकणाऱ्याला ना सनद लागते, ना त्याची कोठे वैधानिक नोंद होते. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांची सनद जाऊ शकते. सल्लागाराची काय जाणार? ऑस्ट्रेलियात पीडब्ल्यूसीच्या एका भागीदाराने, बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या करचुकवेगिरीविरुद्ध योजिलेल्या कायद्याबाबत सरकारने विश्वासाने दिलेली माहिती संस्थेत इतरांना पुरविली, आणि तिचा उपयोग त्याच कंपन्यांना गिऱ्हाईक करण्यासाठी झाला. २०२३ साली प्रकरण उजेडात येताच त्या संस्थेला तेथील सरकारी सल्ल्याचा आपला सारा व्यवसाय एका डॉलरला विकावा लागला. अशी अद्दल विरळाच.

आता आपल्या दाराशी येऊ. २००३ साली बॉम्बे फर्स्ट या उद्योगपतींच्या संस्थेने मॅकिन्झीकडून मुंबईच्या कायापालटाचा आराखडा करून घेतला, आणि राज्य शासनाच्या धोरणावर त्याचा प्रभाव पडला. त्या आराखड्यात गैर काही होते असा आमचा आरोप नाही. परंतु मुंबईच्या जमिनीत व बांधकामात ज्यांचे पैसे गुंतलेले आहेत अशांपैकी कोण सल्लागाराचे यजमान आहेत, हा प्रश्न अशा प्रसंगी नागरिकांना विचारता यावयास हवा. तेव्हापासून मंत्रालयात व महापालिकांत सल्लागारांचा राबता वाढलाच आहे. आराखडा, निविदेचा मसुदा, प्रगतीचा अहवाल, सारेच त्यांच्याकडून येऊ लागले, तर खात्याच्या अभियंत्याने केवळ सही करावयाची उरते.

केंद्रीय अर्थखात्याच्या नियमपुस्तिकेत सल्लागारांच्या हितसंबंधांच्या संघर्षाबद्दल तरतूद आहे. पण प्रतिज्ञापत्र फायलीत राहते. माहितीच्या अधिकाराखाली विचारावे तर २००५ च्या कायद्याचे कलम ८(१)(ड), म्हणजे व्यापारी गुपिताचे, पुढे केले जाण्याचा संभव मोठा. व्यापक लोकहित असल्यास माहिती देता येते हे त्याच कलमात लिहिलेले आहे, त्याकडे कोणी पाहावे?

आमची सूचना साधी आहे. शासनाने वा महापालिकेने सल्लागार नेमताना निविदेतच अट घालावी, की त्याच विषयात गेल्या पाच वर्षांत ज्यांचे ज्यांचे काम केले त्यांची यादी संस्थेने द्यावी, कोणती माणसे कोणत्या कामावर होती तेही सांगावे, आणि ती यादी करारावर सही होण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावी. इतर यजमानांना आपली नावे उघड होणे रुचणार नाही, अशी तक्रार येईल. ती खरीही असेल. तसे असेल तर संस्थेने त्या यजमानाचे काम ठेवावे आणि सरकारचे सोडावे.