डीपीआय विकणाऱ्यांनो, आधी फोकसचं बोला

जुने निगेटिव्ह डिजिटल करून देण्याचा धंदा सध्या जोरात आहे आणि त्यातलं बरंचसं काम म्हणजे गिऱ्हाइकाची उघड फसवणूक आहे. पाटीवर ४८०० डीपीआय लिहायचं, फ्रेममागे पैसे मोजून घ्यायचे आणि पेन ड्राइव्हमध्ये धूसर चित्रं भरून हातात ठेवायची. फोकस कसा तपासता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, स्कॅनरला कसला आलाय फोकस? तो ऑटोमॅटिक असतो."

नसतो. घरगुती आणि दुकानी वापराच्या बहुतेक फ्लॅटबेड स्कॅनरांत फोकस कारखान्यातच एकदा बसवलेला असतो, तो पुन्हा हलत नाही. काचेखाली सरकणाऱ्या भागात आरसे असतात. ते प्रकाशाची वाट दुमडतात आणि एक भिंग साडेआठ इंच रुंदीचं चित्र लहान करून सीसीडी या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या काही सेंटिमीटर लांबीच्या पट्टीवर पाडतं. जिथे भिंग आहे तिथे ठरावीक अंतरही आहे. कागद काचेला टेकतो, म्हणून हे अंतर काचेच्या वरच्या बाजूपर्यंत जुळवलेलं असतं. फिल्म मात्र होल्डरमध्ये, काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर असते. एप्सनने २००६ मध्ये आणलेल्या व्ही७०० मध्ये याच कारणासाठी दोन भिंगं होती. काचेवर ठेवलेल्या गोष्टींसाठी ४८०० डीपीआयचं आणि होल्डरमधल्या फिल्मसाठी ६४०० डीपीआयचं. सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा पर्याय निवडला की चुकीचं भिंग कामाला लागतं आणि सगळा रोल वाया जातो. होल्डरच्या पायांची उंची बदलण्याची सोयही कंपनीने दिली होती, कारण प्रत्येक यंत्राचा फोकस कागदावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते पाय कधी काढून फिरवलेत का, असं मी दुकानदारांना विचारतो. पाय फिरतात, हेच बहुतेकांना माहीत नसतं.

आता आकड्याचं. ३५ मिलिमीटरची फ्रेम म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटर. ती ४८०० डीपीआयने स्कॅन केली की सुमारे ३१ मेगापिक्सेलची फाइल होते, आणि ४८ बिटमध्ये टिफ केली तर जवळपास १८५ एमबीची. पण याच व्ही७०० वर्गातल्या स्कॅनरांवर रेषांचा चाचणी-तक्ता ठेवून लोकांनी मोजलंय. सगळं नीट जुळवूनही खरा तपशील २३००-२५०० डीपीआयच्या आसपासच थांबतो. म्हणजे फ्रेममागे सात-आठ मेगापिक्सेल. बाकीची फाइल निव्वळ फुगवटा आहे. आणि हे जुळवल्यावरचं. होल्डर एका मिलिमीटरने वर-खाली असला तर तेवढंही हाती लागत नाही. मग 'शार्पनिंग'ची मात्रा वाढवून गिऱ्हाइकाचे डोळे दिपवले जातात. शार्पनिंगने कडांचा उठाव वाढतो. हरवलेली पापणी त्याने परत येत नाही.

होल्डरची उंची बरोबर असली, तरी फिल्म सपाट असेल असं कुणी सांगितलं? वर्षानुवर्षं गुंडाळी करून डब्यात पडलेली पट्टी होल्डरमध्ये फक्त कडांना धरली जाते आणि मध्ये पोट काढते. १२० रोलचं रुंद निगेटिव्ह तर याहून जास्त झोळ घेतं. आपल्याकडे अ‍ॅग्फा क्लिक-३ वर काढलेले घरोघरचे फोटो याच रोलवर आहेत. अशा स्कॅनमध्ये कडेची भिंत स्वच्छ दिसते आणि मधोमध बसलेल्या आजीचा चेहरा पुसट होतो. यावर उपाय आहेत. जड पुस्तकांखाली फिल्म काही दिवस दाबून ठेवावी, किंवा न्यूटनची वलयं उमटू न देणारी खरखरीत काच वर ठेवावी. पण याला वेळ लागतो, आणि वेळाचे पैसे घेणाऱ्यालाच तो द्यायचा नसतो.

तपासणी तर कुणालाही जमेल अशी आहे. छापील मोजपट्टीचं एक टोक काचेला टेकवा, दुसरं चार-पाच मिलिमीटर उचलून तिरकं ठेवा आणि स्कॅन करा. आकडे जिथे सर्वांत शार्प, तिथे फोकस. फाइल हाती आली की शंभर टक्के मोठी करून बघा. काचेवरची धूळ लख्ख दिसतेय आणि फिल्मचे कण विरघळलेत, तर यंत्राने तुमचं निगेटिव्ह सोडून काचेचा फोटो काढला आहे. पैसे देऊ नका.

पुस्तकांच्या बाबतीत तर सरळ अत्याचार चालतो. पातळ, यूएसबीवरच चालणारे स्वस्त स्कॅनर सीआयएस जातीचे असतात. त्यांत सळ्यांसारख्या बारीक भिंगांची रांग कागदाला जवळजवळ चिकटून असते आणि मिलिमीटरच्या अंशाइतकी उंची बदलली तरी अक्षर फुटतं. सुट्या कागदासाठी हे ठीक आहे. पण त्यावर बांधणीतले जुने दिवाळी अंक पालथे घातले जातात. शिवणीजवळ पान काचेवरून उचललं जातं आणि प्रत्येक ओळीचे आतले दोन-तीन शब्द करड्या सावलीत बुडतात. जो अंक पुन्हा छापला जाणार नाही, त्याची ही अवस्था. चांगला सीसीडी स्कॅनर हा उंचवटा पुष्कळ अंशी सांभाळून घेतो. पण तो जाड आणि महाग असतो, म्हणून खरेदीच्या यादीतून आधी त्याचंच नाव कापलं जातं.

सर्वांत जास्त चीड मला येते ती यानंतर जे होतं त्याची. फाइल मिळाली म्हणून मूळ निगेटिव्ह रद्दीत जातात, बांधीव अंक भंगारवाल्याच्या काट्यावर चढतात. धूसर नक्कल राहते आणि तिला जतन म्हणतात.

माझ्यापुढे आलेल्या डिजिटायझेशनच्या निविदांत ३०० किंवा ६०० डीपीआयची अट असते, टिफची असते, हार्ड डिस्कच्या क्षमतेचीही असते. प्रत्यक्षात किती तपशील उमटला, हे मोजून दाखवण्याची अट मला एकीतही दिसली नाही. स्कॅनरची विभेदनक्षमता मोजायचं आयएसओ १६०६७ हे मानक २००३-०४ पासून आहे. त्याचा एक भाग कागदासाठी आणि दुसरा फिल्मसाठी. कंत्राटदाराने प्रत्येक दिवसाच्या कामाआधी चाचणी-तक्त्याचा स्कॅन जोडावा, मूळ प्रती मोजून परत कराव्यात, आणि या दोन गोष्टी नसतील तर लेखापरीक्षकाने बिल अडवावं.